देवाचा कोंबडा

धोंडाबाईशी माझं कधीच पटलं नाही. बिलोलीजवळच्या आमच्या गावात दोघींची अंगणं लागून आहेत, एवढंच काय ते नातं. बाईची जीभ म्हणजे विळा. कोंबड्यांशी बोलताना मात्र तीच बाई लोण्यासारखी मऊ. लग्नानंतर उमरीहून, माहेरून, तिनं टोपलीत पिल्लं आणली होती. पुढं आई गेली, भावांनी बोलावणं बंद केलं. माहेरचं म्हणून त्या कवड्या, ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्यांचा वंश तेवढा तिच्याकडे उरला होता.

यंदा त्या झडायला लागल्या. तुरे पांढुरके पडले, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. बाई थेट माझ्या दारात.

"तुझ्या नालीतलं खाऊन मरून राहिल्यात माझ्या कोंबड्या!"

"जंत झालेत मावशी. गुरांच्या दवाखान्यात जा."

गेली, पण माझ्यावर उपकार केल्यासारखी. डॉक्टरनं सांगितलं तसं संध्याकाळी सगळ्या डालल्या, पाणी काढून घेतलं आणि सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढं औषधाचं पाणी ठेवलं. बाहेर राहिला तो फक्त लाल कोंबडा. नवरा दुखण्यातून उठावा म्हणून तिनं तो मरीआईच्या नावानं सोडला होता. देवाच्या कोंबड्याला कोणी कोंडत नाही, हाकलत नाही.

"त्यालाबी पाजा," मी म्हटलं.

"देवीच्या आधी औषध घालू त्याच्या पोटात? बाटला तर देवी घेईल का? माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठलीस काय गं?"

तेव्हापासून बोलणं बंद. तो कोंबडा माझ्या भिंतीवर बसून तिच्या अंगणात घाण करायचा आणि औषध प्यालेल्या कोंबड्या तिथंच उकरून दाणे टिपायच्या. पुन्हा जंत, पुन्हा औषध. एकेक करून कोंबड्या गेल्या, एकच उरली. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

नवरा बरा झाला आणि नवस फेडायचा दिवस आला. मरीआईपुढं कोंबडा कापला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी राहिले. आतडं फाटलं आणि शिजलेल्या शेवया सांडाव्यात तसे जंत बाहेर आले. वळवळत होते.

"बघा," मी चारचौघींत म्हणाले, "देवाला औषध चालत न्हाई, हे मात्र चालतं."

धोंडाबाईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. शेवटची कवडी कोंबडीही मेली होती. मधल्या काळात औषधानं जरा सावरल्यावर तिनं घातलेली अंडी बाईच्या पदरात होती.

"हसून घे आधी," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. तिचे डोळे सुजले होते.

"तुझी कोंबडी खुडूक हाय न्हवं? ही ठेव तिच्याखाली."

माझ्या कोंबड्या जाळीत असतात, औषध पितात, हे तिला ठाऊक होतं. मी अंडी घेतली. ती वळली, आणि फाटकातून पुन्हा खेकसली.

"पिल्लं उमरीची हायत, ध्यानात ठेव! नालीकडं सोडलीस तर गाठ माझ्याशी हाय. अन् औषध... औषध आधी पाज."