डावी बाजू

घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला फक्त गाळलेलं सूप सांगितलं. उभा जन्म भाकरी-ठेचा खाल्लेला माणूस. मी मुगाची डाळ आणि दुधी शिजवला, घोटला, दोनदा गाळला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाटी खाली ठेवली. बसक्या आवाजात म्हणाले, "ताट कुठंय?"

ताट आणलं, मधोमध वाटी ठेवली. मग म्हणाले, "आता डावी बाजू वाढ." म्हणजे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, पापड. पंगतीत वाढतात तसं सगळं जिथल्या तिथं.

"घोट उतरंना, अन् डावी बाजू कोणाला?"

"तुला. मी बघतो, तू खा."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि मी त्यांच्यासोबत एकदाही जेवले नव्हते. आधी त्यांचं, मग मुलांचं, मग उरेल ते माझं. पहिला घास मी पदराआड खाल्ला.

मग रोज दुपारपासूनच त्यांची निवड सुरू व्हायची. टोमॅटोच्या सुपाला जवसाची चटणी. दुधीचं मिळमिळीत, त्याला ठेचाच पाहिजे. मुगाच्या सुपाला पापड, पण भाजलेला; तळलेला बिलकुल न्हाई. मी करवादायचे, एका हातानं गाळू का दुसऱ्या हातानं कुटू? पण ताट मांडलं की ते ठेच्याचा वास घ्यायचे, मला पापड मोडायला लावायचे आणि एकेक घोट करत वाटी संपवायचे. डावी बाजू होती म्हणून सूप पोटात जात होतं, आणि सूप जात होतं म्हणून माणूस तगून होता.

चतुर्थीला माझी धाकटी नणंद राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आमच्याकडे आली. तिनं आमचं जेवण पाहिलं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वैनी, दादाला घोट गिळवंना, अन् तुम्ही त्याच्यासमोर कुरुमकुरुम पापड खाऊन राह्यल्या?"

मी कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवशी ऐकून घेतलं, कारण ते जेवण मला आवडायला लागलं होतं. नवरा आजारी आणि मी दिवसभर संध्याकाळच्या ताटाची वाट बघायचे. चोरी पकडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी नुसती वाटी नेली.

"डावी बाजू?"

"आज काही केलं न्हाई."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मी स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि भाकरीबरोबर पापड भाजून खाल्ला. भूक होती, खोटं कशाला सांगू? वाटी उचलायला गेले तर सूप निम्म्याहून जास्त तसंच होतं.

"पापड चांगला भाजला व्हता," ते म्हणाले. "वास आल्ता इथवर."

मला त्यांच्याकडे बघवेना. उद्या सगळं वाढते, एवढंच म्हटलं. सकाळी त्यांना पाण्याचा घोटही उतरेना. जालन्याला नेलं, तिथं नाकातून नळी घातली. नळीला ताट लागत नाही. बारा दिवसांनी ते गेले.

भेटायला येणारी माणसं म्हणतात, तुम्ही त्यांची फार सेवा केली. नणंदही म्हणते. मी मान हलवते. त्या संध्याकाळी त्यांना माझ्यासोबत जेवायचं होतं, आणि मी दार लोटून एकटी जेवले.