फळ्याची डावी बाजू

बोंद्रे सरांची आणि माझी पहिली ओळख बर्फात झाली. मुलाकडे केंब्रिजला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. नात रिया हिला रविवारी सरांच्या बेसमेंटमधल्या गणिताच्या वर्गाला सोडायला गेले, तर कानटोपी घातलेले एक गृहस्थ फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. मी हिंदीत विचारलं, बोंद्रे सर कुठे भेटतील? ते मराठीत म्हणाले, “आधी पायऱ्यांवर मीठ टाकतात, मग भेटतात.” मुलांना सोडायला येणारं कुणी घसरू नये म्हणून सर आजही हे काम स्वतःच करतात.

मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर सरांनी हा वर्ग सुरू केला. फी घेत नाहीत, पण एक अट घालतात. दर आठवड्याला ते मुलांना गणितातला एक शब्द देतात, आणि मुलांनी त्याचा अर्थ घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायचं. फळ्यावर डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे गणितातला. उत्तर चुकलं तर सर ‘चूक’ म्हणत नाहीत. “हा कुठल्या बाजूचा अर्थ?” एवढंच विचारतात.

तोवर रिया माझ्याशी इंग्रजीतच बोलायची, तेही येस आणि नो. मुलगा-सून कामावर गेले की पूजा, स्वयंपाक, ग्रोसरीचा हिशेब झाल्यावर मला घर खायला उठायचं. नागपूरला परत जावं असं मनात घोळत होतं. अशा एका शनिवारी ती स्वयंपाकघरात आली. “आजी, ‘किंवा’ मीन्स व्हॉट?”

मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, “किंवा म्हणजे दोन्हींतलं एकच. पोहे किंवा उपमा. दोन्ही केलं तर एक वाया जाणार.”

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात एक ते वीसमधल्या सम किंवा तिनाने भाग जाणाऱ्या संख्या लिहायला सांगितल्या. सहा, बारा, अठरा दोन्हींत बसतात, म्हणून रियाने त्या गाळल्या. मुलं हसली, ती रडत घरी आली. मुलगा रागावला नाही, पण म्हणाला, “आई, गणितातलं तिला तू नको सांगत जाऊस.” मॅट्रिकवर थांबलेल्या बाईला तेवढं पुरे झालं. मी त्याला तिकीट बघायला सांगितलं.

रियाकडून सरांना सगळं कळलं असावं. पुढच्या रविवारी त्यांनी फोन करून मला वर्गात बोलावलं. एकादशी होती. माझ्या खुर्चीशेजारी त्यांनी आठवणीने राजगिऱ्याचा लाडू ठेवला होता. फळ्यावर डावीकडे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पोहे किंवा उपमा’. सरांनी मुलांना सांगितलं की आजींचा अर्थ बरोबर आहे, तो पाळला नाही तर कुणाचंच घर चालणार नाही. गणितातलं ‘किंवा’ मात्र मोठ्या मनाचं. एक असलं तरी चालतं, दोन्ही असली तरी चालतात. मग मुलांसमोर म्हणाले, “उजवी बाजू सांगायच्या आधीच मी गणित घातलं. तेव्हा चूक माझी, रियाची नाही.”

निघताना पायऱ्यांवर मी अर्ध्या थट्टेत विचारलं, मग सर, केंब्रिज किंवा नागपूर, यातही दोन्ही चालेल का?

“वहिनी, उजवी बाजू फळ्यावरच राहू द्या,” सर म्हणाले. “कुठे राहायचं ते डाव्या बाजूनेच ठरतं, आणि तुम्हीच ठरवायचं. फक्त पुढच्या शनिवारचा शब्द मी रियाला देऊन बसलोय.”

तो शब्द होता ‘शेष’. शेषशायी भगवंतापासून उरलेल्या पोळीच्या कुस्कऱ्यापर्यंत सांगायचं म्हणजे एक शनिवार कसा पुरणार? तिकिटाचं बोलणं मागे पडलं ते पडलंच. आता रिया मला मराठीत रागावतेसुद्धा.

आता सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत; या अमृतमहोत्सवानिमित्त सगळे त्यांना शतायुषी व्हा म्हणतील. पण गणितात शंभर म्हणजे शंभरच, एकही जास्त नाही. मी आपली डाव्या बाजूची. आमच्या घरात “शंभरदा सांगितलं” म्हणतात तेव्हा कुणी मोजलेलं नसतं. देवाने सरांना निरोगी ठेवावं, आणि आयुष्य द्यावं ते त्या शंभराच्या मापाने.