आत्याचं मुकं काडतूस

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट कसाही उचलून चालत नाही. उचलला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "बोट कुठंय?" मधे भिंत असून आत्याला दिसतं कसं, देव जाणे. मग बोट बटणावरून काढून रिमोटच्या कडेला सरळ टेकवायचं, आधी टीव्हीवर रोखायचं आणि मगच दाबायचं. बाबा कुरकुरतात, "ताई, बातम्या लावतोय गं, कुणाचा जीव घेत नाहीये." आत्या म्हणते, "ते तुला माहीत आहे. तुझ्या बोटाला कुठे माहीत आहे?" झाडांवर पाणी उडवायची बाटलीसुद्धा ती अशीच धरते. कुंडीवर रोखल्याशिवाय फुस्स नाही.

आत्या नवख्यांना पिस्तूल चालवायला शिकवते. एका जुन्या गोदामात लांबट खोली आहे, टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यापुढे टांगलेले कागद, आणि जमिनीवर रिकाम्या काडतुसांची पितळी टरफलं. शाळा सुटली की मी तिथे मागच्या बाकावर बसते, आवाज अडवणारे जाड हेडफोन लावून. अभ्यास करते असं घरी समजतात. खरं तर मी माणसं गोळा करते. एक साहेब चाप ओढताना ओठ असे आवळतात की जणू कडू औषध घेतायत. एक बाई गोळी सुटायच्या आत मान लांब करून बघतात, कुठे लागली! आणि दातांचे डॉक्टर चाप असा हिसकतात की मी त्यांच्याकडे दाढ दाखवायला जाणार नाही. रात्री जेवताना आत्या विचारते, "आज कोण?" मी उठून करून दाखवते. ती हसून हसून खोकते, मग डोळे पुसत म्हणते, "आता बरोबर करणारा माणूस करून दाखव."

तिथे माझी गाडी अडते. बरोबर करणारा माणूस म्हणजे आत्याच, आणि तिची नक्कल मला जमतच नाही. मी मुख्याध्यापिका करते, शेजारचे काका त्यांच्या शिंकेसकट करते. पण आत्या पिस्तूल उचलते तेव्हा पकडायला काही सापडतच नाही. खांदा गप्प, चेहरा गप्प. एकटं बोट मागे सरकतं, तेही सायीवरून चमचा फिरवावा तसं. धडाम झाल्यावर सगळी खोली दचकते, ती सोडून. मी कितीदा बघितलंय, तरी अंगावर काटा येतो.

तर तिच्याकडे गाडीवाले काका आले. बँकांची रोकड नेणारी गाडी चालवायचे. गुडघा गेला, क्लच दाबवेना. कंपनी म्हणाली, रखवालदार म्हणून मागे बसा, पण आधी नेमबाजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. "घरी? बायकोसमोर दिवसभर?" काका म्हणाले. "मॅडम, त्यापेक्षा मला त्या कागदाच्या जागी टांगा."

काका सगळं नीट करायचे, आणि गोळ्या खाली पोत्यांत जायच्या. "पिस्तुलातच खोट आहे," ते म्हणत. परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा आत्यानं मुकं काडतूस काढलं. दिसायला खऱ्यासारखं, आत दारू नाही. खऱ्यांच्या मधे कुठेतरी घालून ती पिस्तूल हातात देते. कुठे, ते सांगत नाही.

धडाम. धडाम. मग नुसतंच टिक्. आणि आवाज नसतानाही काकांच्या पिस्तुलाची नळी खाली झुकली, पाया पडल्यासारखी! काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खोट पिस्तुलात नव्हती. धडाम होणार या धास्तीनं त्यांचा हात आधीच दचकत होता.

त्यांनी पिस्तूल शिकवल्याप्रमाणे रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि पिशवी उचलली. "नाही व्हायचं माझ्याच्यानं. माझं अंगच माझं ऐकत नाही. तुमचं बरंय, तुमचं ऐकतं."

"ऐकतं का?" आत्या म्हणाली. "बघू या. भरा तुम्ही. मला दाखवू नका." आणि तिनं पाठ फिरवली.

मी बाकावरून उठलेच. शिकवणाऱ्याला कोण भरून देणार? इतक्या वर्षांत तिला कुणी तपासलं नव्हतं.

काकांनी भरलं. आत्यानं उचललं. धडाम. धडाम. धडाम. टिक्.

नळी हलली. तांदळाच्या दाण्याएवढी, पण हलली.

काकांना वाटलं, त्यांची समजूत काढायला मुद्दाम केलं. ते हसले. मी नाही हसले. नक्कल करणारा माणूस नेहमी थोडं जास्त करतो, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? हा दचका जेवढ्यास तेवढा होता. खरा होता.

"सापडलं!" आत्या म्हणाली, हरवलेली किल्ली मिळाल्यासारखी. "हल्ली माझ्याही गोळ्या खाली जात होत्या. मी उगाच चष्म्याला बोल लावत होते. दिवसभर दचकणाऱ्यांच्या शेजारी उभी असते ना, मलाही लागण झाली." मग काकांच्या हातातली पिशवी काढून घेत म्हणाली, "चला, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहू. दोघंही."

मग ते दोघं रिकामी पिस्तुलं घेऊन उभे राहिले. आधी एकमेकांचं तपासलं, खरंच रिकामं आहे ना. निशाणासाठी कागद नाही, ठिपका नाही. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट बघायचा आणि तो हलू न देता चाप ओढायचा. टिक्. टिक्. शिकणाऱ्या दोन मुली शेजारून गेल्या तरी आत्यानं पिस्तूल खाली केलं नाही. आपली चूक सगळ्यांसमोर उघडी ठेवून कुणी इतकं ताठ उभं राहू शकतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी दार ढकलून काका आले. पेढे नाहीत, काही नाही, नुसते दारात उभे. आत्या भिंतीसमोरच होती, टिक् करत.

"काय झालं?" मी विचारलं.

काकांनी मला हातानं थांबवलं. आत्याच्या नळीकडे बघत राहिले. टिक्. पुन्हा टिक्.

"हलला खुंट," ते म्हणाले. "इतकुस्सा."

आत्यानं मागे वळून पाहिलं. काकांचा चेहरा बघितला आणि तिला कळलं. "पास?"

"काठावर," काका म्हणाले. "पण माझं राहू द्या. मॅडम, बोट कुठंय?"

आत्यानं खाली पाहिलं. बोट चापावरच राहिलं होतं. तिनं ते निमूटपणे कडेला सरळ केलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "आज कोण?" तो तांदळाएवढा दचका मला आता हुबेहूब येत होता. मी पोळी पुढे ओढली आणि म्हटलं, "आज कुणी नाही."