दैवशालाकाकूंचा रिमोट

माझं तोंड वाईट आहे, हे पिंपळगाव रेणुकाईत कोणालाबी विचारा. स्टँडजवळ माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. हाताला गुण आहे म्हणून लोक येतात अन् तोंडाकडं कानाडोळा करतात. दैवशालाकाकूंना ते जमलं न्हाई, अन् त्यात त्यांची बिलकुल चूक न्हाई.

काकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात. साठीच्या पुढच्या, अंगानं काटक. चालायला लागल्या की सोबतच्या माणसाला पळावं लागतं. शाळेची पायरी चढल्या न्हाईत, पण कपाशीची लावण असो की सोयाबीनची सोंगणी, बाया त्यांच्या शब्दावर कामाला यायच्या. त्यांचे मालक रखमाजीकाका मात्र गप्पिष्ट. माझ्या दुकानात बसून टीव्हीवरची कुस्ती बघायचे अन् इथून पैलवानाला डाव सांगायचे. मागल्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. फक्त उजव्या अंगठ्यात थोडी जान राह्यली. जालन्याच्या डॉक्टरनं घरी सोडताना काकूंना बजावलं, "हा अंगठा रोज चालता ठेवा. बसला तर पुन्हा उठायचा न्हाई."

डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिल्ता. काकांनी तो हातात धरला न्हाई. रिमोट मात्र धरला. काकू त्यांच्या पंजात रिमोट बसवायच्या, बटणावर अंगठा ठेवून द्यायच्या, अन् काका सगळा जीव एकवटून दाबायचे. चॅनेल बदललं की तोंडाची जी बाजू चालत होती ती हसायची. दिवसातून पन्नास वेळा चॅनेल बदलायचे. काकू म्हणायच्या, "बदलू दे. तेवढाच अंगठा हलतो त्यांचा."

मंग एक दिवस तो रिमोट अंगणात पडला अन् म्हशीनं त्याच्यावर पाय दिला. काकू तुकडे पदरात घेऊन आल्या. त्या कंपनीचा रिमोट मिळत नव्हता, म्हणून मी युनिव्हर्सल दिला. टीव्ही अन् डिशचा डबा, दोन्ही एकावरच. त्याला आधी शिकवावं लागतं. सेटचं बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की सोडायचं, मंग त्या कंपनीचा कोड टाकायचा. मी काकूंच्या घरी जाऊन दोन मिनिटात करून दिलं. काकांनी लगेच अंगठा लावला. मला त्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी काकू दुकानात हजर. "बद्री, रिमोट चालंना रे." पाह्यलं तर कोड गेलेला. दुकानात तसलाच डबा होता, त्याच्यावर लावून दिला. पुन्हा दोन दिवसांनी काकू हजर, कोड गायब. मी रिमोट बदलून दिला. त्याचंबी तेच. मंग मी ठरवून टाकलं की काकू नको ती बटणं दाबून राह्यल्या. त्या शपथेवर सांगायच्या, "सेटला हात लावत न्हाई बाबा मी." येताना कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी बोरं आणायच्या. मी शेंगा खायचो अन् वर त्यांनाच बोलायचो. एवढा मेकॅनिक म्हणवतो मी, पण काकू, घरी या रिमोटचं तुम्ही नेमकं काय करता, हे एकदा विचारलं न्हाई.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लायटिंगच्या माळा, मिक्सर, चार गिऱ्हाईकं डोक्यावर उभी. त्यात काकूंनी रिमोट पुढं केला. माझं डोकं फिरलं. म्हणलो, "काकू, आता हे घेऊन येऊ नका. काकांना टीव्हीतलं काय कळून राह्यलंय? एकच चॅनेल लावून द्या अन् गप बसा."

गिऱ्हाईकं हसली. काकूंनी रिमोट पिशवीत टाकला, पिशवीतल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या अन् गेल्या. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडला.

त्यानंतर काकू आल्या न्हाईत. मला वाटलं, चला, बराबर शिकल्या एकदाच्या. असं वाटून घेणारा मी किती गाढव, ते शिमग्याला कळलं. माझी बायको पुष्पा पिठाच्या गिरणीवरून आली ती तोंड पाडून. म्हणली, "दैवशालाकाकू भेटल्या. घरी टीव्ही एकाच चॅनेलवर अडकलाय चार महिन्यांपासून. मी म्हणलं ह्यांना सांगा की, तर म्हणल्या नको, बद्रीला लई काम असतं." मंग म्हणली, "त्या रोज झोपताना रिमोटचे सेल काढून ठेवायच्या. सकाळी घटकाभर उन्हात ठेवून पुन्हा घालायच्या. तुम्हीच सांगितलेलं म्हणे."

त्या स्वस्तातल्या रिमोटचे सेल काढले की कोड पुसला जातो. म्हणजे माझा कोड एक दिवसबी टिकत नव्हता, अन् रोज यायची लाज वाटून बाई दोन दिवसांआड येत होती. अन् सांगितलं मीच होतं. काही वर्षांमागं काका शेतात न्यायची बॅटरी घेऊन आल्ते, आतल्या सेलला पाणी सुटून पत्रा सडलेला. मी त्यांच्यावर डाफरलो होतो की काम झालं की सेल काढून ठेवत जा, ऊन दाखवत जा. माझ्या शब्दाला एवढी किंमत त्या घरात होती, अन् पहिला कोड टाकून आल्यावर मी तिथं पुन्हा डोकावलो न्हाई.

तसाच उठून गेलो. टीव्हीवर दिवसभर जाहिरातीच दाखवणारं चॅनेल अडकलेलं, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात चाललेली. डब्याला बटण न्हाई, रिमोटशिवाय चॅनेल बदलायला मार्गच न्हाई. काका खाटेवर, तोंड भिंतीकडं. मी म्हणलो, "काकू, चुकलं माझं. सेल काढायचे न्हाईत याचे. मी विचारायला पाहिजे होतं."

"असू दे रे," काकू म्हणल्या. "मलाच नीट सांगता आलं न्हाई. बस, चहा टाकते." अन् त्या आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कोड टाकला. काकांना उशीला टेकवून बसवलं, पंजात रिमोट दिला, अंगठा बटणावर ठेवला. म्हणलो, "काका, दाबा." त्यांनी जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. अंगठा हलला न्हाई. "जल्दी न्हाई काका, सावकाश," मी म्हणलो. पुन्हा जोर लावला. अंगठा लाकडागत पडून राह्यला. चार महिने कोणी चालवलाच नव्हता तो.

आतून काकूंची पावलं ऐकू आली. मी घाईनं काकांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला अन् दाबला. चॅनेल बदललं. काकू कप-बशी घेऊन दारात थांबल्या. केवढ्या तरी दिवसांनी ते तेल गेलं होतं पडद्यावरून.

"दाबलं का रे त्यांनी?"

"हो काकू," मी म्हणलो. "त्यांनीच दाबलं."

काकांनी माझ्याकडं पाह्यलं, अन् तोंड पुन्हा भिंतीकडं केलं.