न थांबणारं विमान

आमची इमारत विमानतळाला अगदी लागून आहे. सकाळी गच्चीवर शेजारच्या सुमनकाकू लेकीसाठी सांडगे घालत होत्या. लेक अमेरिकेत असते. न थांबता थेट तिकडे पोचणारी नवी विमानं सुरू झाली, हे पेपरात वाचून त्या खूश होत्या. "आता मधे कुठे ताटकळायला नको पोरीला," म्हणाल्या.

तेवढ्यात तसलंच एक धूड डोक्यावर आलं. त्यातलं कितीतरी इंधन नुसतं बाकीचं इंधन वाहून न्यायलाच जळतं म्हणे. असलं जडशीळ पोट घेऊन ते उडत नव्हतंच. हवेला लाथा घालत, ओरबाडत वर चढत होतं. त्याच्यासमोर घार आली. त्या गडगडाटात काही ऐकूही आलं नाही. अर्धी घार सांडग्यांवर येऊन आदळली. काकूंच्या बांगड्यांवर रक्त उडालं. विमान हललंसुद्धा नाही.

अंतर कमी झालं म्हणतात. कमी कसलं होतंय! ते चिरडावं लागतं, आणि चिंधड्या दुसऱ्याच कुणाच्या तरी गच्चीवर पडतात.

काकूंनी वर बघत बांगड्या पदराला पुसल्या.

"माझी पोर आत असती ना," त्या म्हणाल्या, "तरी तिला कळलं नसतं."