तिचं ‘टोटली ॲग्री’

“टोटली ॲग्री!” म्हणताना ती टेबलावर हलकीशी थाप मारायची. समोर माणूस नसून लॅपटॉप असला तरी.

ती शेळगावची, मराठी शाळेत शिकलेली. मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत. जळोचीतल्या आमच्या ऑफिसातून डाळिंबं परदेशी जातात. तिकडच्या व्यापाऱ्याला मेल मी लिहायचे, पण व्हिडिओ कॉलला सर तिलाच बसवायचे. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

‘ॲग्री’च्या मागे कुठे ‘स्ट्राँगली’ शोभतं, कुठे ‘एंटायरली’, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण कॅमेरा सुरू झाला की माझ्या तोंडून नुसतं ‘येस’ निघायचं, तेही तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखं. ती चहाचा घोट घेत ‘कुडन्ट ॲग्री मोर’ म्हणायची आणि पलीकडचा व्यापारी खुलायचा. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. तिच्याकडे बघून आपण हसतो आणि आतून जळत असतो.

एकदा मात्र ती फसली. गावाकडे कुणी बोलत असलं की ऐकणारा मध्ये मध्ये ‘व्हय, व्हय’ करतो. त्याने काही कबूल केलेलं नसतं, तो फक्त ऐकत असतो. तिने तोच हुंकार इंग्रजीत दिला. व्यापारी लहान खोक्यांची मागणी मांडत होता आणि ही दर वाक्याला ‘टोटली ॲग्री’. दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला, लहान खोकी मान्य केल्याबद्दल आभार! आमची मोठी खोकी तर छापून तयार होती.

सर भडकले. मला वाटलं, आता खुर्ची माझी.

“आगं, मी कुठं कबूल केलं? नुसती ऐकत हुते की!” ती मला म्हणाली. मग तिने त्यालाच कॉल लावला आणि हसत हसत सांगितलं, आमच्याकडे गप्प राहून ऐकलं तर बोलणाऱ्याला वाटतं, हिला झोप लागली. तो इतका हसला की या हंगामाला मोठी खोकी चालतील म्हणाला.

तिला चूकसुद्धा शोभली. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला.

गेल्या महिन्यात ती पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. जाताना म्हणाली, “आता तू बस बाई हितं. तुझं इंग्लिश माझ्यापरीस चांगलं हाय.”

बसले. पहिल्याच कॉलला व्यापारी म्हणाला, ती असताना फार मजा यायची.

“कुडन्ट ॲग्री मोर,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी सहज.

टेबलावर थाप मात्र मारली नाही.