देव्हाऱ्यातला रोमन घोडेस्वार

माझ्या सासूच्या देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांशेजारी एक तांबूस, नखाएवढा खंडोबा आहे. धामणगावच्या शेतातल्या विहिरीचा गाळ काढताना तो सापडला. घोडा होता, स्वार होता, भाला होता. मग खंडोबाशिवाय दुसरं कोण असणार? त्याची स्थापना झाली. लग्नानंतर त्याला दर रविवारी चिंच आणि राखेने घासायचं काम माझ्याकडे आलं.

मी मोताळ्याच्या शाळेत इतिहास शिकवते. पहिल्याच रविवारी मी तो उलटा करून पाहिला आणि माझा हात थांबला. मागे फीत बांधलेलं एका माणसाचं डोकं होतं, कडेने रोमन अक्षरं. गुपचूप फोटो काढला, संग्रहालयांची चित्रं धुंडाळली. रोमन बादशहाचं ब्राँझचं नाणं! पण त्यावरचा घोडेस्वार जिंकत नव्हता. समोर उभा शिपाई त्याला भोसकत होता आणि तो घोड्यावरून कोसळत होता. आमच्या घरात मरणाऱ्यालाच भंडारा वाहिला जात होता.

अमरावतीच्या माझ्या सरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, बादशहाचं नाव अर्धवट झिजलंय, नाणं घेऊन ये, आणि तोवर त्याला पाणीसुद्धा लावू नकोस. सांगायला काय जातं! आमच्याकडे देव उंबरा ओलांडत नाही, आणि न घासलेला देव सासूला चालत नाही.

एकदा धीर करून बोलले, "आई, याले घासू नये. अक्षरं जाऊन राह्यले."

"काऊन वं? देवाले पारोसा ठेवू काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पयले दोन लेकरं नाही वाचले माये. हा घरात आला अन् तुहा नवरा वाचला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी नुसता अंगठा फिरवायचे, तर ती म्हणायची, चमक नाही आली. मग घासायचे. जे वाचण्यासाठी मी शिकले, ते माझ्याच हाताने पुसत होते. घासताना मला सासूचा राग यायचा, बादशहाचा यायचा, सगळ्यात जास्त माझा.

आता सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. या चंपाषष्ठीला तिने खंडोबा तळहातावर घेतला आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"घोडा हाताले लागत नाही. हाये ना वं?"

मी पाहिलं. अक्षरं केव्हाच गेली होती. घोडा गेला होता, स्वार गेला होता. शिपायाचा एक पाय आणि भाल्याची रेघ, एवढंच उरलं होतं. नुसतं नाणं पाहून इथे काय होतं हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. सासूचं बोट अजून घोडा शोधत होतं.

"हाव आई, हाये."

"मंग मळला असन," ती सुटकेचा श्वास टाकत म्हणाली. "घास जरा जोर लावून."

मी चिंच भिजत घातली.